काळ्या मातीतलं घराचं कुंपण : हिवाळ्यात तुम्ही काय काय तपासता?

धुरकरी (दारव्हा, यवतमाळ) | १० डिसेंबर, रात्री ९:१०

कापसाची दुसरी वेचणी आटोपली, तूर अजून उभी आहे. मधे आठ-दहा दिवस जरा उसंत मिळते. दरवर्षी हे दिवस मी घराच्या कुंपणासाठी राखून ठेवतो आणि दरवर्षी ते कोणाच्या तरी लग्नाच्या बोलणीत नाहीतर बँकेच्या रांगेत जातात. यंदा सब्बल आणि टिकास आधीच बाहेर काढून ठेवलेत, म्हणजे येता-जाता डोळ्याला टोचतील.

घर गावाच्या कडेला आहे. मागे सांदवाडी म्हणजे परसबाग, कोठा म्हणजे गोठा, न्हाणी, एक लिंबाचं झाड. कुंपण चार बाजूंनी चार तऱ्हेचं, कारण जसा पैसा आला तसं घातलं. रस्त्याकडून सिमेंटचे पोल, जाळी आणि लोखंडी फाटक. दक्षिणेकडून शेजारच्या काकांच्या बाजूनं पोल आणि काटेरी तारेच्या पाच ओळी. कोठ्यामागे सागाच्या बल्ल्या आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ताट्या. नाल्याकडून बाबांच्या वेळची बोराटीची वई म्हणजे काट्यांचं कुंपण, तिला आम्ही दरवर्षी वरून थोडे काटे टाकतो आणि झालं म्हणतो.

खरं दुखणं दक्षिणेचं. सात वर्षांपूर्वी ओळंबा लावून उभे केलेले बारा पोल, त्यातले पाच काकांच्या बाजूला कलले आहेत. तारा ढिल्या पडून बकरीचं पिल्लू आरामात आत येतं. काका म्हणतात, "तुझं कुंपण दरसाल इतभर माझ्याकडे चालत येते." इतभर म्हणजे वीतभर. हसत म्हणतात, पण दरवेळी म्हणतात. माझा संशय त्यांच्या म्हशींवर आहे, त्या पोलाला अंग घासतात.

तर विचारायचं हे : पोल सरळ कसे करायचे? तारा आत्ता ताणू का उन्हाळ्यात? आणि मुळात तुम्ही तपासायला सुरुवात कुठून करता?

खारपाणी (दर्यापूर) | १० डिसेंबर, रात्री ९:४८

भाऊ, वर काय पाह्यता, बुडाशी पाहा. आमच्या इकडं खांब वरून नवरदेवावानी दिसते अन् जमिनीपाशी गेलेला असते. लोखंडी अँगल असो, सिमेंटचा असो, लाकडी असो, सडायची जागा एकच. माती जिथं संपते अन् हवा जिथं सुरू होते, तिथली चार-सहा बोटं.

मी दर हिवाळ्यात एक काम करतो. खुरप्यानं प्रत्येक खांबाभोवती इतभर माती उकरतो. लाकडी असला त पेचकस टोचून पाह्यतो. दोन सूत गेला त ठीक, अर्धा बोट सहज आत गेला त तो खांब मेलेला समजायचा, वरून कितीही टणक असू द्या. लोखंडाला हातोडीच्या टोकानं खरडतो. पापुद्रे निघाले अन् खाली चमक दिसली त रंग मारून वाचते. भोक पडलं त गेला.

आमचा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत ही खारी जमीन पसरलेली. पाणी उपसलं की वर पांढरा थर दिसते. जस्त चढवलेली तारही इथं तुमच्या यवतमाळापेक्षा लवकर तांबडी होते. तुमी नशीबवान हा बापा.

ओव्हरसियर_निवृत्त (नागपूर) | ११ डिसेंबर, सकाळी ७:२५

धुरकरी, म्हशींना बदनाम करू नका. तीस वर्षं मी काळ्या मातीत काम केलं आहे, म्हशीपेक्षा ती माती जास्त जोरात ढकलते.

ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. पावसाळ्यात पोलाला चहूबाजूंनी आवळते, फेब्रुवारीनंतर त्याच पोलाभोवती बोटभर फट पडते. दोन फूट गाडलेला पोल या फुगण्या-आकसण्याच्या पट्ट्यातच उभा असतो, त्यामुळे तो हलणारच. पण सगळीकडे सारखं हललं तर पोल सरळ राहतो. कलतो तेव्हा, जेव्हा एका बाजूची माती ओली असते आणि दुसऱ्या बाजूची कोरडी. म्हणून माझा पहिला प्रश्न : त्या पाच पोलांच्या आसपास पाणी कुठून येतं?

तारेबद्दल. पोलाद तापलं की वाढतं, गार झालं की आखडतं. शंभर फुटी तार थंडीत १० अंशाला असेल आणि मेमध्ये ४५ ला गेली तर साधारण सव्वा सेंटीमीटर वाढते. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यानं दहा-दहा फुटांवरच्या दोन पोलांमध्ये जवळपास चार सेंटीमीटरचा झोळ पडतो. आता उलटं बघा. मेच्या उन्हात कोणी तार वीणेसारखी ताणली, तर जानेवारीच्या पहाटे ती कोपऱ्याचा पोल ओढते. कोपऱ्याला तिरपा टेकू नसेल तर पोल आतल्या बाजूला झुकतो. म्हणून तार ताणायची ती हिवाळ्यातच, दुपारी, ऊन पडल्यावर. आणि मेमध्ये थोडा झोळ दिसला तर दिसू द्यायचा, लगेच पकड घेऊन धावायचं नाही.

आधी पोल, मग टेकू, मग तार. लोक तारेपासून सुरुवात करतात आणि कललेल्या पोलाला आणखी कलवतात.

झटपट (गाव सांगत नाही) | ११ डिसेंबर, सकाळी १०:०२

एवढं कशाला करता. रात्री तारेत लाइन सोडा. बकरी पण येणार नाही आणि डुक्कर पण.

वैनगंगा_काठ (आरमोरी, गडचिरोली) | ११ डिसेंबर, दुपारी १:१५

झटपट, हे गमतीतही लिहू नका. लिहिणाऱ्याचं बोटच चालतं, पण वाचणाऱ्यातला एखादा खरंच करून बसतो.

घरातली लाइन सरळ तारेत सोडली की २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात आणि माणूस तार सोडूच शकत नाही. सौर कुंपणाचं यंत्र वेगळं असतं. त्यात सेकंदाला साधारण एक, अगदी क्षणभराचा झटका असतो, जनावर दचकून मागे सरतं. दोन्हींचा संबंध नाही. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, नागभीडकडे, २०१७ मध्ये जय वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच विजेच्या तारेनं मेला. वाघ गेला म्हणून बातमी झाली. पण गावात नातू चेंडू आणायला तारेपाशी जातो, पहाटे आजी डबा घेऊन परसात जाते, त्यांचं काय?

झटपट | ११ डिसेंबर, दुपारी १:४०

बरं बरं, चुकलं. आमच्याकडे सगळे करतात म्हणून बोललो.

सांदवाडी (आर्वी, वर्धा) | ११ डिसेंबर, रात्री ८:३०

धुरकरी दादा, एक गोष्ट विचारायची राहिली. तुमच्या कुंपणावर वालाचा वेल आहे का?

माझ्याकडे आहे. जाळीवर वीस फूट पसरलाय, जांभळ्या फुलांचा. ह्यांनी मागच्या डिसेंबरात जाळी रंगवायची म्हणून सकाळी उठून तो वेल बुडातून कापला. शेंगा भरात होत्या. वांगं-वालाची भाजी मी त्या वर्षी विकत आणलेल्या शेंगांची केली आणि महिनाभर जेवताना तेच वाढलं. सांगायचा मुद्दा, वेल असलेली बाजू संक्रांतीनंतर करा. भोगीची भाजी झाली की वेल आपसूकच म्हातारा होतो, मग खुशाल काढा. तोवर बाकीच्या तीन बाजू आहेतच की.

पण वेल काढल्यावर जाळी नीट पाहा. पाल्याखाली दव अडकून राहतं, दुपारपर्यंत वाळत नाही, आणि नेमकी तिथलीच जाळी आधी गंजते. माझी वीस फुटांतली सहा फूट गेली. आता मी वेलासाठी कुंपणापासून हातभर आत तुराट्यांचा वेगळा मांडव करते.

आणि बोराटीच्या वईबद्दल. वरून काटे टाकून वई दाट होत नाही, उंच होते. डुक्कर खालूनच शिरतं. जुनी वई बेचक्यानं उचलायची, खालचा कुजलेला थर फावड्यानं ओढून काढायचा, मग नवीन फांद्या एकमेकीत गुंतवत खालपासून रचायच्या. माझी आजी वर उभी राहून पायानं दाबायची, जुनी गोणपाटं पायाला गुंडाळून. हात घालण्याआधी काठी घाला. थंडीत साप वईखाली दडून असतात, ऊन खायला कडेला येतात.

पुण्यात_राहणारा | १२ डिसेंबर, दुपारी ३:०५

वाचतोय. आमचं घर पुसदजवळ, तिथे फक्त आई-बाबा असतात. फाटक एवढं घसटतं की बाबा ते उचलून उघडतात, त्यांचं वय ७४. मिस्त्री म्हणतो फाटक बदला. बदलावंच लागेल का?

ओव्हरसियर_निवृत्त | १२ डिसेंबर, दुपारी ४:४०

बदलायचं नाही. बाबांना सांगा, आधी फाटक बंद करून कडीच्या बाजूला खाली वीट सरकवून पाहा. वीट ठेवल्यावर फाटक सरळ दिसलं आणि बिजागरीत खेळ जाणवला, तर बिजागरी झिजली आहे, काम दीडशे-दोनशे रुपयांचं. बिजागरी घट्ट असून फाटक तिरकं असेल तर खांब कललाय, फाटकाचा दोष नाही. आणि खांब ओळंब्यात असून फाटकाचा चौकोनच पतंगासारखा झाला असेल, तर आत तिरपी पट्टी मारायची. पट्टी कोणत्या दिशेनं हे बहुतेक वेल्डर विचार न करता ठरवतात. जाड अँगलचा टेकू असेल तर तो बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्याला जायला हवा, म्हणजे वजन खाली बिजागरीवर उतरतं. उलटा मारला तर तो फक्त शोभेचा.

खारपाणी | १२ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

साहेब, एक विचारू का? आमच्या गावात नवे पोल टाकले, तीन वर्षांत उभ्या चिरा पडल्या अन् आतली सळई दिसायला लागली. पोलवाला म्हणते, तुमची माती खराब.

ओव्हरसियर_निवृत्त | १२ डिसेंबर, रात्री ७:३०

माती खराब आहेच, पण त्याला विचारा की पोल कोणत्या पाण्यात ओतले. खाऱ्या बोअरच्या पाण्यात ओतले असतील तर गंज जन्मापासून आतच आहे. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, म्हणून चीर सळईच्या रेषेत उभी पडते. काँक्रीटसाठी जे आयएस ४५६ हे भारतीय मानक आहे त्यात सळईच्या कामाला पाण्यातलं क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको असं आहे. तुमच्याकडच्या कित्येक विहिरी त्याच्या पुढे असतात. पोल घेताना हातोडीनं वाजवून घ्या. टण्ण वाजला तर घ्या, भदभद वाजला तर तिथेच ठेवा. आणि घरी पाया ओतताना नळाचं गोडं पाणी वापरा.

वैनगंगा_काठ | १३ डिसेंबर, सकाळी ६:५०

आमच्याकडे सिमेंट पोलाचा प्रश्नच कमी, बांबू असतो. मानवेल भरीव म्हणून खांबाला आणि आडव्या पट्ट्यांना, कटांग काटेरी म्हणून बाहेरच्या अंगाला. तोड थंडीत करतो, नंतर पंधरा-वीस दिवस नाल्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतो. आतला गोडवा धुऊन जातो आणि भुंगा कमी लागतो. पाण्यातून काढल्यावर असा वास येतो की बायको घरात घेत नाही. सावलीत उभा वाळवायचा. उन्हात टाकला तर फाटतो.

धुरकरी, तुमच्या सागाच्या बल्ल्यांची सालं काढली होती का? साल ठेवली की उधईला (वाळवीला) छप्पर मिळतं.

धुरकरी | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

मंडळी, आज दिवसभर उकरलं. हात फुटलेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

कोठ्यामागच्या नऊ बल्ल्यांपैकी चार गेल्या. सालं काढली नव्हती, वैनगंगा बरोबर बोलले. एका बल्लीला पेचकस टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. आत मातीचे बोगदे, आणि बल्ली हातानं उचलली तर अर्धी जमिनीत राहिली, अर्धी माझ्या हातात. वरून पाहिलं असतं तर मी अजून दोन वर्षं तिला सलाम ठोकला असता.

आता दक्षिणेचं. साहेबांनी विचारलं, पाणी कुठून येतं. मी पोल क्रमांक चारपासून आठपर्यंत एकेकाशी बसून पाहिलं. आमच्या बाजूची माती ओली, गुळगुळीत, टिकाशीला चिकटणारी. काकांच्या बाजूची कोरडी, ढेकळं. ओल कुठून म्हणून मागोमाग गेलो, तर आमच्याच न्हाणीचा पाइप. तीन वर्षांपूर्वी मीच नवा टाकला होता, आणि त्याचं तोंड लिंबाच्या मुळाशी असावं म्हणून हातभर कमी ठेवलं होतं. पाणी लिंबाला न जाता उताराच्या बाजूनं कुंपणाशी. सकाळी सहा माणसांच्या अंघोळी, म्हणजे रोज किती पाणी ते धरा.

काकांना सांगायला गेलो. म्हशींचं नाव मी आजवर त्यांच्यापाशी काढलं नव्हतं ही देवाची कृपा. ते तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे कुंपण माह्याकडं चालत येत नव्हतं, तू आंघोळ करून ढकलत होता."

आता शोषखड्डा करू का? ग्रामपंचायतीकडूनही सांगतात.

ओव्हरसियर_निवृत्त | १५ डिसेंबर, सकाळी ७:१०

भारी काळ्या मातीत शोषखड्डा नावालाच शोषतो. पाणी मुरायला वेळ लागतो, खड्डा भरतो आणि पाणी परत कुंपणाशी येतं. मुरमाड जमीन असती तर हो म्हटलं असतं. पाइप वाढवा आणि कुंपणापासून दहा-बारा फूट दूर केळी, पपई, अळूच्या वाफ्यात सोडा. साबणाचं पाणी आहे, वाफा आलटून-पालटून बदला.

पोल लगेच सरळ करू नका. ओली बाजू महिनाभर वाळू द्या. नंतर कललेल्या पोलाचा खड्डा मोकळा करा, तळाशी इतभर मुरूम, पोल ओळंब्यात, आणि भोवती काढलेली काळी माती परत भरू नका. ती लोक नेहमी भरतात कारण ती तिथेच पडलेली असते. मुरूम भरा, थर-थरानं, प्रत्येक थर धुमसानं ठोका. कोपऱ्याचा पोल मात्र काँक्रीटमध्ये, खड्डा खाली रुंद आणि वर अरुंद. वरून जमिनीच्या दोन बोटं वर उतरता गळा करा, पाणी थांबता कामा नये. सात दिवस पाणी मारा. थंडीत सिमेंट हळू पकडतं, त्यामुळे पंधरा दिवस तार ताणायची नाही.

सांदवाडी | १५ डिसेंबर, दुपारी १२:००

दादा, काका म्हणतात तेवढ्यावर सोडू नका. पोल काढताय तर त्यांना सोबत उभं करा आणि जुनी खूण दोघांनी मिळून पाहा. आमच्याकडे स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं तेव्हा आधी चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. रेषा मारायच्या दिवशी अख्खी गल्ली भांडली. ज्यांच्या मधे दगड होता ते तेवढे शांत बसले.

आणि रस्त्याकडच्या फाटकाला रंग देणार असाल तर सकाळी देऊ नका. दव वाळू द्या, अकरानंतर हात घाला आणि तीन-चारला थांबा. तारेच्या ब्रशनं गंज काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. "उद्या मारू" म्हटलं की रात्रीच्या दवानं पुन्हा तांबूस होतं.

पुण्यात_राहणारा | १५ डिसेंबर, रात्री ९:३०

बाबांनी वीट ठेवून पाहिली. बिजागरीच निघाली. खालची, झिजून सुरी झाली होती. १६० रुपये. आता ते फाटक दिवसातून चार वेळा विनाकारण उघडतात, असं आई सांगते.

खारपाणी | १६ डिसेंबर, सकाळी ८:१५

धुरकरी भाऊ, नाल्याकडं बेशरम लावू नका, कोणीतरी सांगनच. फुकट येते, काडी खोचली की जगते, खरं आहे. पण दोन वर्षांत नाला बुजवते, अन् शेळ्यांना त्या पाल्याची सवय लागली की आजारी पडतात. त्यापेक्षा सागरगोटा लावा. काटा असा की वानरही विचार करते.

धुरकरी | १६ जानेवारी, रात्री ८:४५

उशिरा लिहितोय, तूर सोंगणीत अडकलो होतो.

न्हाणीचा पाइप बारा फूट वाढवला, केळीच्या वाफ्यात सोडला. पाच पोल काल सरळ केले. एक उपटताना मोडला, जमिनीखाली इतभर चीर होती. काका आले होते. आम्ही दोघांनी मिळून लिंबाजवळ उकरलं, तेव्हा बाबांच्या वेळचा उभा दगड निघाला, फूटभर खोल. पोल आणि दगडात पाच बोटांचा फरक. काकांच्या बाजूला नाही, माझ्याच बाजूला. म्हणजे बुडाशी कुंपण माझ्याच जागेत होतं, फक्त डोकं तिकडे झुकलं होतं. काकांनी दगडावर हात फिरवला, म्हणाले, "असू दे, पाच बोटानं काय होते, पोल जुन्याच खड्ड्यात राहू दे." मग चहा झाला.

तारा अजून ढिल्याच आहेत. कोपऱ्याचं काँक्रीट परवाच ओतलं, साहेबांचे पंधरा दिवस मोजतोय. तोवर बकरीचं पिल्लू रोज येतं आणि केळीच्या वाफ्यातला अळू खातं.

सांदवाडी ताई, आमच्या कुंपणावर वाल नव्हता. पण हे सगळं घरी वाचून दाखवलं, आता रस्त्याकडच्या जाळीशी पुढच्या पावसाळ्यात वेल लावायचा असं ठरलंय. हातभर आत, तुराट्यांवर.